कोणती खरखर कुणाची

झिंबाब्वेतल्या शोना लोकांचं म्बिरा हे वाद्य म्हणजे एक लाकडी फळी आणि तिच्यावर बसवलेल्या, ठोकून चपट्या केलेल्या लोखंडी पट्ट्या. कधी 22, कधी त्याहून चार-सहा जास्त. दोन्ही अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी, एवढ्या तीन बोटांवर सगळं वादन चालतं. मोठ्या सुक्या भोपळ्याच्या पोटात वाद्य अडकवलं की आवाज भरून येतो. फळीला आणि भोपळ्याच्या काठाला पूर्वी शिंपले बांधत, आता बाटल्यांची पत्र्याची बुचं बांधतात. ती मुद्दाम सैल ठेवलेली असतात. पट्टी छेडली की सूर निघतो आणि त्या सुराला बिलगून एक झिरझिरी खरखर उठते. वादकाला ती हवी असते. तिच्याविना त्याला वाद्य उघडं वाटतं.

तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. घोडीवर तारेखाली सुती दोरा मागेपुढे सरकवत आपले कलावंत असाच एक गुंजारव शोधत बसतात. नितळ, कोरा सूर त्यांनाही नको असतो. त्यामुळे म्बिरा पहिल्यांदा कानावर आली तेव्हा मला ती लांबची वाटली नाही.

पण ती माझ्यापर्यंत आली ती मुद्रित होऊन, आणि मुद्रणाला स्वतःची खरखर असते. तबकडीवर सुई घासते. फितीवर एक सूं सतत चालू राहते. मागे कोंबडा आरवतो, कुणीतरी खाकरतं, मायक्रोफोनला धक्का लागतो. आफ्रिकेतलं मुद्रित संगीत चिकित्सेनं ऐकायचं म्हणजे माझ्या लेखी सगळ्यात आधी हे ओळखायचं, की कोणती खरखर वादकाची आहे आणि कोणती मुद्रण करणाऱ्याची. हे फक्त आवाजापुरतं नाही. गाणं कुठे सुरू झालं, कुठे तोडलं, कोण मायक्रोफोनजवळ उभं होतं, कुणाला लांब बसवलं, वेष्टनावर कुणाचं नाव आलं, कुणाचं गळालं: हे सगळे निर्णय आहेत आणि ते सगळे त्या मुद्रितात ऐकू येतात.

मी हे ऐकतो ते बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग मानतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा. खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा. रब्बीत शेतीची लाईट अनेकदा रात्रीच येते. हरभऱ्याला पाणी धरून बांधावर बसावं लागतं, आणि त्या थंडीत कानाला फोनच्या वायरी लावून मी मालीचा तुमानी दियाबाते ऐकतो. त्याच्या कोरा या वाद्याला 21 तारा आणि अर्ध्या भोपळ्यावर चामडं ताणून केलेलं पोट. मोटारीची घरघर, पाटातलं पाणी, कोरा. ऐकण्याची जागा अशी असली की मुद्रणाची जागाही कल्पनेनं उभी करायची सवय लागते. तुमानी दियाबाते आणि बालाके सिसोको यांनी मिळून केलेलं मुद्रण बामाको शहरातल्या संगमरवरी भिंतींच्या दालनात झालं. लक्ष देऊन ऐकलं तर प्रत्येक सुरामागे तो दगड जाणवतो. तिथे मुद्रण करणाऱ्याची निवड वादकाच्या बाजूनं उभी आहे.

मुद्रणानं गाण्याचं काय होतं, हे आमच्या जिल्ह्याला फार आधीपासून ठाऊक आहे. ना. घ. देशपांडे मेहकरचे, पेशानं वकील, जन्म 1909चा. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, तिची तबकडी निघाली आणि मेहकरच्या कवीचे शब्द फोनो असलेल्या घराघरांत पोचले. मराठी भावगीताच्या आरंभाची गोष्ट सांगताना ही तबकडी टाळता येत नाही. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावत. भावगीत त्या मापात बसलं, त्या मापातच वाढलं. जागरण-गोंधळ त्यात बसत नव्हता. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईची ओवीही बसत नव्हती. दळण संपेल तेव्हा ती संपते.

शोना लोकांची ‘बिरा’ही बसत नव्हती. बिरा ही रात्रभराची बैठक. वाडवडिलांच्या आत्म्यांना बोलावायचं, ते माध्यम असलेल्या माणसाच्या अंगात येईपर्यंत म्बिरा वाजवायची, आलेल्यांना गाऱ्हाणी सांगायची, उजाडेपर्यंत नाचायचं. एकच चाल तासभर चालते आणि प्रत्येक फेऱ्यात किंचित बदलते. तिचा तीन मिनिटांचा तुकडा ऐकून कुणी म्हणालं की आफ्रिकेच्या संगीतात तेच तेच पुन्हा येतं, तर ते मत संगीताबद्दलचं नाही. ते मत कात्रीबद्दलचं आहे.

ही कात्री ज्यांच्या हातात होती त्यांत सगळ्यात मोठं नाव ह्यू ट्रेसी यांचं. हा इंग्रज तरुण 1920च्या दशकाच्या सुरुवातीला, आज झिंबाब्वे असलेल्या मुलखात, भावाच्या तंबाखूच्या शेतावर आला. शेतावरच्या मजुरांची गाणी त्यानं त्यांच्याकडूनच शिकायला सुरुवात केली, 1929 मध्ये काही गायकांना जोहान्सबर्गला नेऊन मुद्रित केलं, आणि मग आयुष्यभर यंत्र मोटारीत घालून तो आफ्रिकेत हिंडला. 1954 मध्ये त्यानं आफ्रिकी संगीताचं ग्रंथालय उभं केलं. ‘साउंड ऑफ आफ्रिका’ या त्याच्या मालिकेत 200हून अधिक तबकड्या आहेत. ट्रेसी मायक्रोफोन खांबाला लावून ठेवत नसे. हातात धरून तो वादकांमधून फिरे, त्याला महत्त्वाचं वाटेल त्या आवाजाजवळ नेई. म्हणून त्याच्या मुद्रितांत एखादा आवाज एकदम पुढे येतो आणि मागे जातो. गाणारी बाई जागची हललेली नसते, हललेला असतो ट्रेसीचा हात. हे एकदा ध्यानात आलं की त्याच्या तबकड्या दुहेरी ऐकू येऊ लागतात: एक गाणं, आणि त्या गाण्यातून वाट काढत फिरणारा एक माणूस.

त्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्यानं जपलं नसतं तर किती तरी चाली आज कुणाच्याच कानावर नसत्या. पण तो वसाहतीच्या राज्यात फिरत होता. दार त्याच्यासाठी उघडत होतं ते राज्यकर्त्यांच्या बळावर. ‘शुद्ध’ काय आणि ‘बिघडलेलं’ काय, हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं असे. असं असूनही 1952 मध्ये काँगोतल्या काटांगा भागात त्यानं म्वेंडा जाँ बोस्को या तरुण गिटारवादकाला मुद्रित केलं, आणि त्या तबकडीनं आफ्रिकेच्या कितीतरी गिटारवादकांना वाट दाखवली. मुद्रण करणाऱ्याची मतं एकीकडे राहतात, त्याचं यंत्र कधी कधी त्याच्यापेक्षा उदार निघतं.

ताल ऐकणं हे मात्र वेगळंच काम आहे आणि त्यात मी अजून रमलेलो आहे. आफ्रिका म्हटलं की ढोल, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं. त्यामुळे कान आधी ढोलाकडे धावतो. घानामधल्या एवे लोकांच्या आग्बाद्झा नाचाचं मुद्रित घ्या. त्यात गांकोग्वी नावाची लोखंडी घंटा असते. बारा मात्रांत सात ठोके, त्यांच्यामधलं अंतर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. घंटा बदलत नाही. बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. मुख्य ढोल तर बोलतो, भांडतो, वाट सोडून परत येतो. ढोल धरून बसलात तर दिशाभूल होते. घंटा धरायची. शेगावच्या पालखीत चाललेला वारकरी टाळ धरून असतो, मृदंग कितीही उड्या मारो; तीच शिस्त इथे कामाला येते. हाताच्या बोटांवर ते बारा मोजा. मग त्याच बारांत पावलं चार पडताना दिसतात, आणि टाळी तिनाचीही देता येते. दोन्ही बरोबर. आपला समेचा शोध इथे थोडा अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता टिकवून ऐकत राहणं मला फार आवडतं.

मुद्रितात नाचणारा नसतो, ही खरी उणीव. ठेका कुठे आहे, हे नाचणाऱ्याच्या पावलांवरून कळतं आणि पावलं तबकडीवर उमटत नाहीत. युगांडातल्या आमाडिंडा या मोठ्या लाकडी वाद्यावर दोन वादक समोरासमोर बसतात, एकाच्या दोन ठोक्यांमध्ये दुसऱ्याचा ठोका बरोबर अडकतो. ऐकणाऱ्याला त्यातून अशा चाली ऐकू येतात ज्या दोघांपैकी कुणीच एकटा वाजवत नसतो. गेरहार्ड कुबिक या ऑस्ट्रियन अभ्यासकानं हे वाद्य स्वतः शिकून ही गोष्ट लिहिली. माझ्या कानावर ती चाल येते तेव्हा ती कुणाची म्हणायची? दोघांची, आणि थोडी माझ्या कानाची.

अभ्यासक सिम्हा आरोम यांनी मध्य आफ्रिकेत काम करताना एक युक्ती काढली, तिची मला फार किंमत वाटते. आधी सगळ्यांचं मिळून मुद्रण करायचं. मग एकेका गायकाला किंवा वादकाला ते कानावरच्या यंत्रातून ऐकवायचं आणि त्यानं फक्त स्वतःचा भाग त्याबरोबर गायचा किंवा वाजवायचा. तो वेगळ्या फितीवर घ्यायचा. असे एकेक धागे सुटे झाले की सगळं एकत्र करून पुन्हा त्या लोकांनाच ऐकवायचं: जमलं का? बरोबर कोण ठरवणार, तर ज्याचं गाणं आहे तो. अभ्यासकाचा कान दुसरा.

1975 साली घाना विद्यापीठाच्या टपाल कार्यालयात जेम्स कोएटिंग यांनी केलेलं एक छोटं मुद्रण आहे. टपालाच्या तिकिटांवर शिक्के मारायचं काम चालू आहे. शिक्क्यांचा ठेका एकमेकांत गुंफलेला, आणि वरून शिट्टीवर एक प्रार्थनेची चाल, दोन सुरांत. मी ते माझ्या मायला ऐकवलं. काहीही न सांगता. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे गानं नोहे, काम होय. कामाले गानं जोडलं त्याईनं.” जिनं निंदणात, कापूस वेचताना, जात्यावर गायलं, तिला हे क्षणात कळलं. इथे एक जबाबदारीची गोष्ट आहे. ते कर्मचारी संगीताचा कार्यक्रम करत नव्हते, पत्रं मार्गी लावत होते. तबकडीवर आल्यावर ते ‘संगीत’ झालं. क्वामे एन्केटिया आणि कोफी आगावू या घानाच्याच दोन विद्वानांनी आयुष्यभर बाहेरच्यांना आफ्रिकेचं संगीत कसं ऐकायचं ते सांगितलं. आगावू तर स्पष्ट बजावतात, की ‘आफ्रिकी लय’ असा एकच गूढ पदार्थ बाहेरच्यांनी लिहून लिहून घडवला आहे. खंडात पन्नासहून अधिक देश आणि हजारावर भाषा असताना एकच लय कशी असेल?

आता नावाची गोष्ट. जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन लिंडा नावाचा झुलू गायक तबकड्यांच्या कारखान्यात मालाची बांधाबांध करायचा. 1939 मध्ये त्यानं आपल्या साथीदारांबरोबर ‘म्बुबे’ हे गाणं मुद्रित केलं. ते मूळ मुद्रण नक्की ऐका. खालचे भारदस्त आवाज एकच बोल घोळवत राहतात, वर लिंडाचा आवाज आरोळी देत फिरतो, आणि अगदी शेवटाला तो उत्स्फूर्त एक स्वरओळ गाऊन जातो. एकदाच. पुढे अमेरिकेत 1961 साली गाजलेलं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ त्या एका ओळीवर उभं राहिलं. सिंहाचं ते गाणं आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. लिंडाला तबकडीचे दहा शिलिंग मिळाले होते. 1962 मध्ये तो गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना हक्काचे पैसे मिळायला 2006 साल उजाडावं लागलं, तेही न्यायालयाची पायरी चढल्यावर. हे माहीत झाल्यावर ती शेवटची ओळ मला पूर्वीसारखी ऐकता येत नाही. यायलाही नको.

हे सगळं इतक्या दूरचं असून बुलडाण्यात बसून का ऐकायचं, असं मला विचारतात. माझं उत्तर शेतापासून सुरू होतं. ज्वारी मूळची आफ्रिकेची. बाजरी तिकडची, चवळी तिकडची, चिंच तिकडची. दुधी भोपळ्याचं मूळही तिकडेच मानतात. हजारो वर्षांपूर्वी ही बियाणी समुद्र ओलांडून आली, आणि आज सोयाबीननं ज्वारीला बाजूला सारलं असलं तरी हुरडा आमच्या जिभेवर आहे. बियाणं आलं, पुढे माणसंही आली. सिंदखेडचे लखुजी जाधवराव ज्या निजामशाहीत वाढले, तिचा कारभार पुढे मलिक अंबरनं चालवला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, 1626 मध्ये वारलेला आणि खुलताबादला पुरलेला. जाधवराव आणि अंबर कधी एका बाजूला होते, 1624च्या भातवडीच्या लढाईत समोरासमोर. अंबरबरोबर हबशी सैनिक हजारोंनी होते. छावणीत रात्री ते काय गात असतील? त्याचा एक सूरही उरला नाही. गुजरातेत भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर दर्ग्यावर आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आजही मलुंगा वाजवतात. धनुष्याला भोपळा बांधलेलं वाद्य. त्याची मुद्रितं आहेत. तो भोपळा आणि कोऱ्याचा भोपळा एकाच रात्री लागोपाठ ऐकून पाहा.

नावाकडे पुन्हा येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच बोचतं. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अमेरिकेनं सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली. पृथ्वीवरच्या संगीताचे नमुने तीवर आहेत. त्यांत भारतातून गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर आहेत: भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं. मराठी माणूस याचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण ती यादी पूर्ण वाचा. केसरबाईंच्या नोंदीत लिहिलं आहे: गायिका केसरबाई केरकर. ‘सेनेगल, तालवाद्यं’ या नोंदीत लिहिलं आहे: मुद्रण चार्ल्स दुवेल. त्या वेळच्या झाईरमधल्या, इतुरीच्या जंगलातल्या मुलींच्या वयात येण्याच्या विधीच्या गाण्याची लांबी 56 सेकंद, आणि नोंद: मुद्रण कॉलिन टर्नबुल. वाजवणाऱ्यांचं नाव नाही. गाणाऱ्या मुलींचं नाही. केसरबाई नावाजलेल्या गायिका होत्या, त्यांच्या तबकड्या बाजारात होत्या, म्हणून त्यांचं नाव सूर्यमालेबाहेर गेलं. त्या मुलींचा आवाज तेवढाच दूर गेला आहे, बेवारस. हा भेद मला मान्य नाही.

तो टाळता येतो. अभ्यासक पॉल बर्लिनर यांनी 1973 मध्ये झिंबाब्वेतल्या म्बिराची तबकडी काढली, तिच्यावर हकुरोत्वी मुडे, कॉस्मस मगाया ही वादकांची नावं आहेत. केनियातल्या किप्सिगिस लोकांची गाणी ट्रेसीनं 1950 मध्ये घेतली होती. ती अलीकडे त्या गावांत परत नेऊन ऐकवली गेली, तेव्हा त्यांतला एक म्हातारा गायक हयात होता. आणि आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावा-गावासकट. त्यांतली कोणतीही ओवी ऐका, बाई कोण ते आधी कळतं.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला निहाली बोलणारे लोक राहतात. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी जिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही अशी ती भाषा, बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर बंजारा बायका गातात. घाटाखाली भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. आता प्रत्येकाच्या खिशात ट्रेसीच्या यंत्राहून चांगलं यंत्र आहे. म्हणून वाचकहो, एवढं करा. फोन समोर धरण्याआधी विचारा, आणि नको म्हटलं तर खिशात ठेवा. गाणारीचं नाव, गाव, तारीख तिच्याच आवाजात आधी घ्या. हे गाणं कोणत्या कामाचं, कोणत्या दिवसाचं, तेही तिलाच बोलू द्या. मधे ती थांबली, नातवाला हाक मारली, हसली, विसरली, तर ते कापू नका. गाणं ती संपवेल तेव्हाच बंद करा. आणि मुद्रित झालेलं सगळ्यात आधी तिला ऐकवा.